अपडेट आलं आणि आईला फोन उचलता येईना

पायवाट
सोमवार, रात्री १०:५२

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज लिहायला बसलोय ते वैतागून.

आई गावी एकटी असते, वाईच्या पुढे. वय ७१. मी ठाण्यात. रोज रात्री साडेआठला फोन करायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. शनिवारी लावला तर कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. वाटलं, कुणी आलं असेल घरी. नऊला लावला तर वाजून वाजून बंद झाला. साडेनऊपर्यंत माझे ११ कॉल झाले आणि पोटात गोळा आला. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. ते बॅटरी घेऊन गेले, तर आई ओट्यापाशी फोन समोर ठेवून बसलेली, रडवेली. काकांच्या फोनवरून तिचं पहिलं वाक्य काय, तर "अरे, मी काही केलं नाही रे त्याला."

झालं होतं असं. दुपारी फोन आपणहून बंद होऊन चालू झाला. पूर्वी कॉल आला की खाली हिरवा गोल यायचा, तो वर ओढायचा. हे शिकवायला दोन वर्षांपूर्वी माझी दिवाळीची आख्खी सुट्टी गेली होती. 'हिरवं वर' हा आमचा मंत्र. आता त्या जागी आडवी पट्टी. उजवीकडे सरकवलं तर उचलला, डावीकडे सरकवलं तर कट. आई बिचारी वर ओढतेय, काही होत नाही. मग घाबरून बोट घासतेय आणि घासताना ते डावीकडे जातंय. माझे दोन कॉल असे कापले गेले, मावशीचे तीन. मावशी रुसून बसलीये ते वेगळंच.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथे 'तुझी कंपनी, माझी कंपनी' सुरू होईल. मध्यम किमतीचा फोन आहे, घेऊन सव्वादोन वर्षं झाली. त्याच अपडेटनंतर बॅटरी दुपारीच मान टाकते आणि अंगठा चारदा लावावा लागतो. तरी तेही एक वेळ चालेल. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. तिला त्या फोनमध्ये नवं काहीही नको होतं. तिला कुणी विचारलं?

---

मिसळखाऊ
सोमवार, रात्री ११:०५

ऑटो अपडेट बंद करून ठेवायचं ना राव. आमच्या घरातले चारही फोन मी तसेच ठेवलेत, २०२१ पासून एकालाही अपडेटचा वारा लागू दिलेला नाही. सगळे मस्त चालू.

---

पायवाट
सोमवार, रात्री ११:११

बंदच होतं हो. पण रोज सकाळी पाटी यायची, 'आता इन्स्टॉल करा' किंवा 'रात्री इन्स्टॉल करा'. 'नको' हे बटणच नाही. आईने पंधरा दिवस ती पाटी रोज बाजूला सारली, सोळाव्या दिवशी बोट लागलं असणार. आणि हे कळल्यावर ती म्हणते, "म्हणजे माझीच चूक." आता काय बोलणार.

---

भिंगरी
सोमवार, रात्री ११:३०

पायवाट, काकूंना सांगा की त्या एकट्या नाहीत. तुमच्या त्या फोनचं मला माहीत नाही, पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या फोन ॲपचं रूप असंच बदललं होतं, आठवतंय? ते तर फोनचं अपडेटही नव्हतं, प्ले स्टोअरवरून ॲप बदललं आणि देशभर लोकांना एकदम वाटायला लागलं की फोन हॅक झाला. ज्यांच्याकडे ते ॲप आहे त्यांच्यासाठी दोन उपाय. एक, ॲपच्या माहितीत जाऊन 'अपडेट्स अनइन्स्टॉल करा' हे दाबायचं. किंवा ॲपच्याच सेटिंगमध्ये येणाऱ्या कॉलला सरकवायचं की नुसतं दाबायचं ते निवडता येतं. ज्येष्ठांसाठी दाबायचंच बरं, माझ्या सासूबाईंना तेच करून दिलंय.

---

पायवाट
सोमवार, रात्री ११:३८

आईच्या फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं डायलर, म्हणजे कॉल करायचं ॲप, आहे, त्यामुळे यातलं काही चालणार नाही. पण धन्यवाद. 'हॅक झाला' हे आईपण म्हणाली होती.

---

खटपट्या
मंगळवार, सकाळी ८:२०

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. फोनचा नाही, टीव्हीला लावायच्या बॉक्सचा. पण धंद्याची तऱ्हा एकच, म्हणून आतली बाजू लिहितो. शिव्या सावकाश घाला.

अपडेट एकदम सगळ्यांना सोडत नाहीत. आधी शेकड्यातल्या एखाद्या फोनला, मग पाच, मग वीस, असं चढत जातात. पहिल्या टप्प्यात आरडाओरडा झाला तर नळ बंद करायचा. म्हणजे पहिल्या टप्प्यात ज्यांचा नंबर लागतो ते न सांगता, बिनपगारी आमचे टेस्टर असतात. हे चुकीचं आहे का? एका अर्थाने नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन पुरवठादारांचे डिस्प्ले असतात, कॅमेरे असतात, वर सिमकार्डांची आणि ॲपांची खिचडी. प्रयोगशाळेत शंभर फोन टेबलावर मांडले तरी वाईच्या पुढचं एका काडीचं नेटवर्क तिथे कुठून आणणार?

पण ही झाली बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची, गोष्ट. पायवाट यांच्या आईच्या बाबतीत जे झालं तो बगच नाही, आणि खरी मेख तिथे आहे. सोडण्याच्या आदल्या रात्री आम्ही यादी घेऊन बसतो. समोर गार झालेला चहा, कॉलवर मॅनेजर. एकेक नोंद वाचायची. 'फोन चालूच होत नाही', हा ब्लॉकर, सुटल्याशिवाय सोडायचं नाही. 'अंगठा उशिरा ओळखतो', हा मायनर, पुढच्या खेपेला. आणि कुणी लिहिलंच की 'जुन्या सवयीने कॉल उचलता येत नाही', तर ती नोंद ब्लॉकर नाही की मायनरही नाही. त्यावर 'वर्किंग ॲज डिझाइन्ड', म्हणजे 'ठरवलंय तसंच चालतंय', असा शिक्का बसतो आणि ती बंद होते. मी स्वतः असे शिक्के मारलेत. रिमोटवरच्या एका बटणाचं काम बदललं होतं तेव्हा मारला होता आणि मग महिनाभर आमच्या तीर्थरूपांना टीव्हीवर बातम्या लावून द्यायला मलाच जावं लागत होतं.

---

मिसळखाऊ
मंगळवार, सकाळी ९:०२

म्हणजे कबूलच करताय की. वर आम्ही अपडेट बंद ठेवतो तर आम्हालाच अडाणी म्हणता.

---

खटपट्या
मंगळवार, सकाळी ९:४०

अडाणी म्हटलं नाही, पण २०२१ पासून पॅच, म्हणजे सुरक्षेची ठिगळं, नसलेल्या फोनवरून तुम्ही यूपीआय करत असाल तर धाडसी नक्की म्हणेन. दर महिन्याचे सुरक्षा पॅच ही सरकारी परंपरा नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची भोकं सापडली. नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येईल अशी. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने मासिक पॅच सुरू केले. ती भोकं खरीच असतात आणि पॅच आला की कुठे भोक होतं तेही जगाला कळतं. तुमच्या चारही फोनांची जुनी भोकं आज जाहीर आहेत.

---

रफार
मंगळवार, दुपारी १२:१५

माझं दुखणं वेगळं आहे, पण याच धाग्यात बसेल.

गेल्या अपडेटनंतर माझ्या फोनच्या कीबोर्डातून 'ऱ्य' गेला. टाइप केलं की 'र्य' होतो. ज्यांना यात काय विशेष असं वाटतं त्यांच्यासाठी: मी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा हिशेब बघतो. ग्रुपवर मला लिहायचं होतं, 'आचाऱ्यांना दोन हजार ॲडव्हान्स द्यावा.' गेलं काय, तर 'आचार्यांना दोन हजार ॲडव्हान्स द्यावा.' आमचे संस्कृतचे सर त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी नम्रपणे कळवलं की मानधनाची अपेक्षा नाही, पण आग्रह असल्यास धर्मादाय द्यावं.

अक्षरांचं वळणही बदललं. मराठी 'ल' आणि 'श' जाऊन हिंदी वळणाचे आले. फोनची भाषा मराठीच ठेवलेली आहे. तक्रार केली तर सर्व्हिस सेंटरातल्या मुलाने दहा मिनिटं स्क्रीन निरखून विचारलं, "यात चुकलंय काय?" त्याचा दोष नाही म्हणा.

आपल्या लिप्या अपडेट करणाऱ्यांच्या गणतीत शेवटी असतात. फेब्रुवारी २०१८ मधला आयफोनचा बग आठवा. तेलुगूतलं एकच जोडाक्षर, आपल्या 'ज्ञा'चा भाऊ, कुणी मेसेजमध्ये पाठवलं की मेसेजचं ॲप कोसळायचं. लोकांनी ते एकमेकांना मुद्दाम पाठवून उच्छाद मांडला. ॲपलला त्यासाठी ११.२.६ हे वेगळं अपडेट काढावं लागलं. आठ कोटींच्या आसपास लोक बोलतात ती भाषा. सोडण्याआधी एखादा तेलुगू परिच्छेद टाइप करून बघायला काय हरकत होती?

---

नाममात्र
मंगळवार, दुपारी १:४८

तुम्ही सगळे भोळे आहात. फोन मुद्दाम बिघडवतात, म्हणजे नवा घ्याल. आणि आत काय काय घालतात ते वेगळंच. आधारचा नंबर आठवतो का?

---

जुनाखेळाडू
मंगळवार, दुपारी ३:१०

आठवतो. ऑगस्ट २०१८. लोकांच्या फोनमध्ये यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेची, जुनी हेल्पलाइन १८००-३००-१९४७ आपोआप सेव्ह झालेली दिसली आणि गदारोळ उठला. नंतर गूगलने मान्य केलं की २०१४ मध्ये फोन सुरू करतानाच्या सेटअपमध्ये तो नंबर आणि ११२ हा नंबर चुकून घातला गेला होता, पुढे नव्या फोनमध्ये कॉन्टॅक्टबरोबर तो वाहत आला. म्हणजे हेरगिरी नव्हती, गलथानपणा होता. चार वर्षं कुणाच्या लक्षात न आलेला. मला तर हेरगिरीपेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

'मुद्दाम' म्हणाल तर एक प्रकरण मात्र कागदोपत्री आहे. जानेवारी २०१७ च्या आयओएस (आयफोनची सिस्टिम) १०.२.१ पासून ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला. कारण खोटं नव्हतं. बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडत होते, ते टाळायला वेग उतरवला. पण सांगितलं नाही. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि अनेकांनी नवा घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये बोभाटा झाल्यावर ॲपलने माफी मागितली आणि ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. इटलीने ऑक्टोबर २०१८ मध्ये १ कोटी युरो दंड केला, फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी. इटलीने त्याच दिवशी सॅमसंगलाही ५० लाख युरो ठोकले होते, नोट ४ या फोनवर त्याला न झेपणारं अपडेट चढवायला लावलं म्हणून.

आणि निव्वळ धांदल बघायची असेल तर २४ सप्टेंबर २०१४. आयओएस ८.०.१ आलं आणि नव्या कोऱ्या आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं, बोटाचा ठसाही चालेना. जेमतेम तासाभरात ते मागे घेतलं. आपल्याकडचं उदाहरण शाओमी एमआय ए३. २०२० संपता संपता त्याला अँड्रॉइड ११ आलं आणि फोन चालूच होईनात, विटा झाल्या. कंपनीने अपडेट थांबवलं आणि वॉरंटी असो-नसो, फुकट दुरुस्त करून देऊ म्हणून जाहीर केलं. एवढं मोठं झालं की दखल घेतात. आईच्या आडव्या पट्टीची कोण घेणार?

---

तिरफळ
मंगळवार, रात्री ९:३५

आत्ता शटर ओढून आलो. सावंतवाडीत मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, १४ वर्षं.

अपडेट आल्याचं मला बातमीतून कळत नाही, गिऱ्हाइकांवरून कळतं. एका आठवड्यात एकाच मॉडेलचे चार फोन आले की समजायचं. तक्रारी ठरलेल्या. लोगोवर अडकलाय, गरम होतोय, नेटवर्क पकडत नाही, आणि गेली तीन-चार वर्षं स्क्रीनवरची ती हिरवी रेघ. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "रात्री अपडेट मारलं, सकाळी उभी रेघ." सर्व्हिस सेंटर म्हणतं डिस्प्ले गेला, सॉफ्टवेअरचा संबंध नाही. माझा अनुभव दोघांच्या मधला आहे. मोठं अपडेट चढताना फोन तासभर तापतो, आणि डिस्प्लेची आतली पट्टी आधीच अर्धमेली असेल तर तेवढं तिला पुरतं. हा माझा अंदाज, सिद्ध करायला माझ्याकडे यंत्र नाही. वनप्लसने आपल्याकडे काही मॉडेलांना या रेघेसाठी स्क्रीनची आयुष्यभराची वॉरंटी दिली हे मात्र खरं. असा फोन आला की मी गिऱ्हाइकाला आधी तिकडे धाडतो, हातातलं काम गेलं तरी.

आता कामाचं. अपडेटनंतर बॅटरी उतरते म्हणून लगेच माझ्याकडे धावू नका. पहिले एक-दोन दिवस फोन सगळी ॲप आतल्या आत पुन्हा बसवत असतो, फोटो चाळत असतो. रात्री चार्जिंगला लावून ठेवा, दोन दिवसांनी बघा. तरी उतरली तर या. ठसा पुसून परत घ्या, निम्म्यांचं तेवढ्यानेच भागतं. आणि "जुनं सॉफ्टवेअर मारून द्या" असं कुणी म्हणालं तर मी हात जोडतो. बऱ्याच फोनांत आता मागे जायला कुलूप असतं. जबरदस्तीने गेलात तर फोन टेबलावरच डेड. एकदा झालंय माझ्या हातून, भरून दिलाय खिशातून.

गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवताना पहिलं काय बोलतं सांगू? "मी कायच केलं नाय." तुमच्या आईसारखंच. डॉक्टर असो की खलाशी.

---

हिवाळी
बुधवार, पहाटे १:१०

जर्मनीतून. इकडे २० जून २०२५ पासून युरोपीय संघाचा नियम लागू झालाय. मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायलाच हवेत. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस २४ पासून सात वर्षांचं वचन दिलंय ते निराळं.

पण धागा वाचून विचारात पडले. आम्ही जास्त वर्षं मागून घेतली. सात वर्षं अपडेट म्हणजे सात वेळा आईला नव्याने शिकवणं?

---

भिंगरी
बुधवार, सकाळी ७:५५

हिवाळी, नेमकं! माझं कधीचं हेच म्हणणं आहे. एकाच पिशवीत दोन वस्तू कोंबतात. एक कुलूप, म्हणजे सुरक्षा. दुसरी रंगरंगोटी. कुलूप नको म्हणता येत नाही, म्हणून रंगही घ्यावा लागतो. सोसायटीने टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला माणूस पाठवावा आणि त्याने जाताना आपला ओटा डावीकडून उजवीकडे नेऊन ठेवावा, वर म्हणावं, आता जास्त मोकळं वाटतंय ना? दोन्ही वेगळं द्या. सुरक्षा आपोआप येऊ दे, बाकीचं विचारून.

---

खटपट्या
बुधवार, सकाळी ८:३०

थोडं झालंय तसं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आतले काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने वेगळे दुरुस्त होतात. ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यावर १४ वरच राहून नुसते सुरक्षा पॅच घ्यायची मुभा दिली होती. तीन-चार महिन्यांत ती काढून घेतली. मग २०२३ मध्ये झटपट सुरक्षा दुरुस्त्या सुरू केल्या, फक्त कुलूप, रंग नाही. त्यातली जुलैची दुरुस्ती मागे घ्यावी लागली. कारण ऐका. आवृत्तीच्या नावात कंसात 'ए' लिहिला होता, तो कंस बघून काही वेबसाइटी गोंधळल्या आणि उघडेनाशा झाल्या. एका कंसाने! पुढे नव्याने सोडली तेव्हा कंसात 'सी' होता.

म्हणून सांगतो, वेगळं करणं शक्य आहे, पण फुकट नाही. जितक्या आवृत्त्या जिवंत ठेवाल तितक्या सगळ्या तपासाव्या लागतात. आणि नव्या रूपाची जाहिरात होते. भोक बुजवल्याची जाहिरात कोण करणार?

---

मिसळखाऊ
बुधवार, सकाळी १०:१५

ते क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट पण असंच बिघडलं होतं ना, २०२४ मध्ये? विमानं अडकली होती, आमचे साडू दिल्लीला

---

संपादक
बुधवार, सकाळी १०:४०

तो संगणकांचा विषय आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. साडूंसह.

---

वहिवाट
बुधवार, दुपारी ४:२०

वकिलीची सवय, म्हणून मुद्द्यावर. अपडेटने फोन खरोखर नादुरुस्त झाला असेल तर ती 'सेवेतील त्रुटी' म्हणून मांडता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथल्या तक्रारी वाया जातात असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये आयओएस १८ नंतरच्या तक्रारी याच हेल्पलाइनवर साचल्या आणि त्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामार्फत ॲपलला नोटीस गेली, मंत्र्यांनी स्वतः जाहीर केलं होतं. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

एक विसरू नका. सर्व्हिस सेंटरची जॉब शीट, म्हणजे फोन जमा केल्याचा कागद, वाचल्याशिवाय सही करायची नाही. तिथे 'ओलावा आढळला' किंवा 'फोन पडलेला' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर पुढे माझ्यासारख्याने कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही. पायवाट, तुमच्या आईचं प्रकरण मात्र यात बसवणं अवघड. फोन चालतोय. कॉल येतोय. कायद्याच्या लेखी वस्तू ठीक आहे.

---

जुनाखेळाडू
बुधवार, संध्याकाळी ६:०५

दुसरी बाजू कुणी मांडली नाही म्हणून मीच मांडतो. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा लोक ५जी फोन हातात घेऊन बसले होते आणि ५जी पकडत नव्हतं. का? तर अपडेट नव्हतं. आयफोनवाल्यांना डिसेंबरात १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा हाच समाज 'अपडेट कधी देता' म्हणून कंपन्यांच्या नावाने खडे फोडत होता. मी पण.

---

पायवाट
रविवार, रात्री ९:२०

सर्वांचे आभार. कालपासून गावी आहे.

सेटिंगं पालथी घातली, जुनी हिरवी पद्धत कुठेच नाही. मग आईला नवी शिकवायला बसलो. माझ्या फोनवरून तिला कॉल लावायचा, तिने उचलायचा, असं तीस-चाळीस वेळा. उजवं-डावं तिच्या डोक्यात राहीना, घाईत उलटं व्हायचं. शेवटी तिनेच काढलं, "देवघराकडे." ती नेहमी ओट्यापाशी त्याच जागी उभी असते आणि देवघर तिथून उजव्या हाताला येतं. देवघराकडे सरकवलं की उचलला. संध्याकाळी मावशीचा कॉल आला, पदराला बोट पुसलं, देवघराकडे सरकवला, आणि पाऊण तास बोलली. अंगणात उभी असली तर काय करणार हा प्रश्न आहेच.

१९१५ वर तक्रार नोंदवली आहे. वहिवाट म्हणतात तसं काही होणार नाही, पण नोंद तरी राहील. बॅटरी मात्र तिरफळ यांनी सांगितलेले दोन दिवस कधीच उलटले तरी सुधारलेली नाही. तिरफळ, पुढच्या महिन्यात कुडाळला लग्न आहे, आईला घेऊन येतोय. दुकान रविवारी उघडं असतं का?

---

तिरफळ
रविवार, रात्री १०:०२

एक वाजेपर्यंत. मॉडेलचा आणि बॅटरीवरचा नंबर आधी कळवा, मागवून ठेवतो. फोटोंचा बॅकअप घेऊन या. आणि मावशींचा नंबर कागदावर लिहून आणा, सगळे विसरतात.